ट्रफल खायला आल्बाला गेलो, त्याची हकिकत

तोरिनो, नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

"एवढे पैसे घालवून शेवटी खाल्लंस काय?" असं तू फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात फोन कटला. उत्तर असं आहे: शेवया आणि अंडं. आता हसून घे आणि मग पुढचं वाच.

आल्बा म्हणजे लांगेच्या टेकड्यांमधलं छोटं गाव, इथून ट्रेनने जाता येतं. एरवी ते न्यूटेलावाल्या फरेरोचं गाव, पण ऑक्टोबरपासून तिथे पांढऱ्या ट्रफलची (चॉकलेटचं नव्हे, जमिनीखाली वाढणाऱ्या वासाच्या अळंबीची) जत्रा भरते आणि मग सगळ्या खाणावळी ट्रफलमय होतात. हे नाव काही आपोआप झालेलं नाही. जाकोमो मोर्रा नावाच्या तिथल्या हॉटेलवाल्याने १९४९ मध्ये उत्तमातलं ट्रफल हॉलिवूडची नटी रीटा हेवर्थ हिला भेट पाठवलं आणि १९५१ मध्ये थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना, ट्रूमनना. माणूस धंद्यात पक्का!

आम्ही बसलो, वेटरने काचेचं झाकण उचललं. आत मातकट, ओबडधोबड गड्डे. आणि वास! लसूण, ओली माती, मुरलेलं चीज, आणि मागून हिंगाचा डबा उघडल्यासारखा एक उग्र भपकारा. बायकोने नाक मुरडलं, मी मात्र पुढे वाकलो. वेटरने एक गड्डा छोट्या काट्यावर ठेवून वजन दाखवलं, मग माझ्या ताटावर पात्याने कागदासारख्या पातळ चकत्या पाडत सुटला. थांब म्हणायचं ते आपण. नंतर गड्डा पुन्हा काट्यावर, आणि जेवढं वजन घटलं तेवढं बिलात. ग्रॅमला ५ युरो! ८ ग्रॅमवर माझा धीर सुटला.

ताटात होतं तायारिन. नुसत्या बलकांत मळलेल्या, केसांसारख्या बारीक शेवया, वर लोणी. बस. नंतर लोण्यात परतलेलं अंडं, त्यावर पुन्हा चकत्या. साधेपणाचं हे काही सोंग नाही, बरं का. पांढरं ट्रफल शिजवत नाहीत, शिजवलं की वास उडून जातो. गरम पदार्थावर कच्चंच पाडायचं, वाफेबरोबर वास वर येतो आणि लोणी तो धरून ठेवतं. चकती नुसती चावून पाहिली तर जिभेला फारसं काही कळत नाही. सगळा कारभार नाकाचा. शेजारच्या टेबलावर एकाने वाइनमध्ये मुरवलेल्या मटणावर ते पाडून घेतलं. त्याचे पैसे पाण्यात गेले, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाग का, तर काळ्या ट्रफलच्या बागा लावता येतात, पांढऱ्याच्या बाबतीत ते जवळपास जमलेलंच नाही. ओक, पॉपलरच्या मुळांशी ते आपल्या मर्जीने वाढतं. शोधायला कुत्री नेतात, तीही बहुधा रात्री, म्हणजे जागा दुसऱ्याला कळू नये. पूर्वी डुकरं नेत, पण ती जमीन उकरून मुळं बिघडवतात आणि सापडलेला माल स्वतःच गट्टम करतात. इटलीत १९८५ पासून त्यांना बंदी आहे.

आणि हो, तू पुण्यात जे 'ट्रफल फ्राइज' चापतोस ना, त्यावरच्या 'ट्रफल तेला'चा बहुतेक वेळा ट्रफलशी काडीचाही संबंध नसतो. तू केमिस्ट्रीवाला, म्हणून सांगतो: २,४-डायथायापेंटेन. गंधकाचं हे संयुग खऱ्या पांढऱ्या ट्रफलमध्येही असतं, पण तिथे त्याच्या जोडीला इतर कितीतरी गंध असतात. तेलात हा एकटाच, प्रयोगशाळेत बनवलेला, आणि म्हणून तासाभराने ढेकरातही तोच. खा, पण फुशारकी मारू नकोस.

पुढच्या नोव्हेंबरला ये. व्हिसाचं आत्तापासून बघ, तुझं सगळं ऐन वेळी असतं. हॉटेलात मी पुन्हा जाणार नाही. जत्रेतून लहानसा गड्डा घेऊ, लोणी आणि अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणि घरीच करू. अंडी तू कर, हॉस्टेलवर तूच बरी करायचास. सर्दी झाली असेल तर मात्र तिकीट पुढे ढकल.

काकूंना नमस्कार सांग. यातला अंड्याचा भाग त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझाच,
अव्या