दुधाच्या पिशव्यांचे ‘डिझेल’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी एका नातेवाइकाच्या गावी नगरपालिकेने मांडलेले ‘प्लास्टिकपासून डिझेल’ यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. बाटलीत पिवळसर तेल उतरले, टाळ्या पडल्या, कचऱ्याचा प्रश्न मिटल्याची भाषणे झाली. माझी नोकरी रिफायनरीत ‘कॅट क्रॅकर’वर (जड तेल तोडून हलके इंधन काढणाऱ्या यंत्रावर) शिफ्ट करण्यात गेली, म्हणून हे पत्र.

यंत्र खोटे नाही. हवा न लागू देता तापवले की कार्बनच्या लांब साखळ्या तुटतात आणि पातळ तेल व गॅस मिळतो. अमेरिकेत विल्यम बर्टन यांनी १९१३ साली जड तेल असेच तोडून पेट्रोल काढायला सुरुवात केली होती. आमच्याकडे ते काम उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ, करायचा. रव्याहूनही बारीक, तापलेली भुकटी नळातून अक्षरशः पाण्यासारखी वाहते. पाचशे अंशांच्या पुढे तेलाची वाफ तिच्या सहवासात जेमतेम दोन-चार सेकंद असते; तेवढ्यात पेट्रोल, प्रोपिलीन आणि तुमच्या-आमच्या शेगडीतला गॅस तयार! भुकटीवर चढलेला कोळसा शेजारच्या भांड्यात सुमारे सातशे अंशांना जाळायचा आणि त्याच धगीवर पुढचे तेल तोडायचे. कढईची करपलेली खरवड काढून तीच चुलीत सारावी, तसा प्रकार. इतक्या वर्षांत मला त्याचा कंटाळा आला नाही.

पण आत काय जाते, यावर आमच्या प्रयोगशाळेचा डोळा असे. तेलातून निकेल, व्हॅनेडियम हे धातू जास्त आले तरी उत्प्रेरक नासायचा. त्या प्रात्यक्षिकात मात्र धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्याच घातल्या होत्या. पॉलिथिन ते, तुटणारच. गावच्या कचऱ्यात पीव्हीसीचे (पाइपांच्या प्लास्टिकचे) तुकडे असतात. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. पाणी मिळताच त्याचे आम्ल होऊन लोखंड खाते. पाण्याच्या पेट बाटल्यांतून तेल कमी आणि नळ्या तुंबवणारी घन आम्लेच जास्त. हे विचारल्यावर चालक म्हणाला, “ते नंतर बघू, काका.”

शिवाय ते तेल म्हणजे डिझेल नव्हे. ठेवले की त्यात चिकट गाळ धरतो. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही, इतर कसोट्या वेगळ्याच. हायड्रोजनची प्रक्रिया न करता ते ट्रॅक्टरमध्ये ओतणे म्हणजे इंजिनाशी वैर. भट्टीत जाळायला ठीक.

यंत्राची निविदा काढण्याआधी त्या नगरपालिकेने एवढे जाहीर करावे: रोज कोणते प्लास्टिक किती किलो वेगळे होऊन येणार, ते निवडणाऱ्या बायांना किलोमागे काय मिळणार, उरलेली काजळी कुठे टाकणार आणि तेल तपासणार कोण. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्या पिशव्या कोणी धुतल्या, हेही कळले तर बरे.

– एक निवृत्त रिफायनरी कर्मचारी, चेंबूर