विजेवरच्या पातेल्याचा संच बांधताना अर्थिंगची हयगय नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत मध्यंतरी घरच्या घरी पेय तयार करण्याच्या, पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या आणि उचलून कुठेही नेता येणाऱ्या संचाविषयी माहिती आली होती. ती वाचून आमच्या आर्वी तालुक्यातील तीन-चार तरुण आणि एका बचत गटाच्या ताई माझ्याकडे आल्या व ‘असं काही आपल्याला बांधता येईल काय’ असे विचारू लागल्या. मी आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून मोटारींचे वाइंडिंग आणि घरांची वायरिंग हाच गेली वीस-बावीस वर्षे माझा व्यवसाय आहे. असा एक संच मी स्वतः बांधून दोन हंगाम वापरला आहे आणि त्यापायी माझ्या घरात एक अपघात होता होता टळला आहे. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी कायद्याचे स्पष्ट करतो. अमेरिकेत असे संच प्रामुख्याने बिअरसाठी बांधले जातात, कारण तिथे १९७८ मध्ये केंद्रीय कायदा बदलून घरी, स्वतःपुरती बिअर करण्याची मुभा देण्यात आली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यातही आमचा वर्धा जिल्हा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी जवळून पाहिली आहेत, त्यामुळे आंबवण्याची पायरी माझ्या संचात नाही आणि ती कोणाला शिकवणारही नाही, हे मी त्या तरुणांना पहिल्याच भेटीत सांगितले. परंतु त्या पायरीच्या आधीचे सगळे काम, म्हणजे धान्याला मोड आणणे, कोमट पाण्यात त्यातील पिठूळपणाची साखर करणे, ते गाळणे, उकळणे आणि झपाट्याने थंड करणे, हे निव्वळ अन्नप्रक्रियेचे काम आहे. ज्वारी आणि मोहफूल या आपल्या दोन्ही मालांना ते लागू पडते.

माझ्या संचात पस्तीस लिटरचा स्टेनलेस स्टीलचा एक गंज, म्हणजे उभट पातेले, आहे. त्याच्या तळाशी आडवा बसवलेला ३००० वॅटचा हीटर, बाजूला तापमान मोजणारा सेन्सर, खाली तोटी आणि आत धान्य ठेवण्यासाठी मलमलची झोळी एवढेच सामान आहे. पीआयडी नावाचा तापमान नियंत्रक सेन्सरकडून आकडा घेतो आणि सॉलिड स्टेट रिले नावाच्या सुट्या भागामार्फत हीटर चालू-बंद करत राहतो. परदेशी संचांत तीन-तीन भांडी आणि पंप असतात, पण उचलून नेण्याचा संच हवा असेल तर एका गंजात काम होते आणि दोन माणसे तो मोटारसायकलच्या ट्रॉलीवर सहज चढवतात. एका बाबतीत तर आपली सोय अमेरिकेपेक्षा बरी आहे. तिथे घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट मिळतात आणि मोठ्या हीटरसाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढावी लागते, तर आपल्याकडे प्रत्येक घरात २३० व्होल्ट आहेतच.

चुलीवर हे होत नाही काय, असे ताईंनी विचारले होते. उकळणे होते, पण एक तासभर बरोबर ६५ अंश राखणे चुलीवर फार कठीण आहे आणि ज्वारीच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) सगळी गोम त्या एका तासात आहे. मोड आलेल्या धान्यात पिठाची साखर करणारी जी विकरे असतात, ती ७५ अंशांच्या पुढे झपाट्याने निकामी होतात. जाळ एकदा जास्त झाला की दिवसभराची मेहनत वाया जाते आणि हाती नुसती खळ राहते. ज्वारीत आणखी एक अडचण आहे. तिचे पीठ जवाच्या पिठापेक्षा जास्त तापमानाला फुलते, म्हणजे पीठ फुलायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात विकरे मरतात. यावर उपाय जुनाच आहे. माल्टचा भरडा आधी ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात तासभर भिजवून स्थिर ठेवायचा आणि वरची निवळ अलगद काढून बाजूला ठेवायची, कारण विकरे त्या निवळीत उतरलेली असतात. खालचा गाळ चांगला उकळून पीठ फुलवायचे, ते निवले की निवळ परत ओतायची आणि मग ६५ अंशांवर तासभर राखायचे. काम झाले की नाही हे पाहायला मी पांढऱ्या बशीत चमचाभर रस घेऊन टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकतो. रंग निळा-काळा झाला तर पीठ शिल्लक आहे आणि आयोडीनचा पिवळट तांबूस रंग तसाच राहिला तर साखर झाली, असे समजायचे. तपासलेला रस मात्र फेकून द्यायचा. तयार रस गाळून, गूळ आणि सुंठ घालून पंधरा मिनिटे उकळला आणि थंड केला की लहान मुले तो आवडीने पितात. तो त्याच दिवशी संपवावा, उरला तर फ्रिजमध्ये ठेवावा. बाहेर राहिला की उन्हाळ्यात तो आपोआप आंबू लागतो.

इथे एक इशारा ठळक छापावा, ही विनंती. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे आपल्याकडे प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. तेच द्रव्य ज्वारीच्या मोडांत असते. धुरिन असे त्याचे नाव असून त्यातून सायनाइड तयार होते. म्हणून माल्ट कडक उन्हात खडखडीत वाळवून, हाताने चोळून, सुपात दोनदा पाखडून मोड आणि मुळे पूर्ण काढून टाकलीच पाहिजेत. मटकीप्रमाणे ज्वारीचे मोड कोणीही खाऊ नयेत.

आता विजेकडे वळतो. पंचवीस लिटर पाणी २८ अंशांवरून ६६ अंशांवर नेण्यास सुमारे १.१ युनिट वीज लागते आणि तिथून उकळीपर्यंत आणखी एक युनिट. झाकण नीट असेल आणि गंजाला बाहेरून गोधडी किंवा पोते गुंडाळले असेल तर साडेतीन-चार युनिटांत एक घाणा निघतो. ३००० वॅटचा हीटर १३ अँपिअर ओढतो, त्यामुळे टीव्ही-पंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो कधीही लावू नये; सॉकेट वितळते. १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट, त्याला मीटरपासून थेट आलेली तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि घराचा मंजूर भार वाढवून घेतलेला असणे, एवढे आधी हवे. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १८० व्होल्ट झाले की ३००० वॅटचा हीटर जेमतेम १८४० वॅटचे काम करतो. ‘हीटर नकली निघाला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी सकाळी दहा वाजता पाणी तापवून पाहायला सांगतो.

अपघाताची गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची आहे. माझा पहिला संच अंगणात चालू होता. हीटर साधा, बाजारात मिळणारा होता आणि ज्वारीची खळ त्यावर करपून चिकटल्यामुळे त्याचे आवरण एका ठिकाणी तडकले होते, हे मला दिसले नव्हते. पत्नी ओल्या पायांनी तोटी सोडायला वाकली आणि ‘झिणझिण्या आल्या’ म्हणून मागे सरकली. तिच्या पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले. बोर्डात एमसीबी होती, ती पडली नाही. पडणारही नव्हती, कारण एमसीबी वायरला जास्त भारापासून वाचवते. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह तिच्या हिशेबी काहीच नसतो. पण गंजाला अर्थिंग मी स्वतः जोडले होते, मग ते कुठे गेले? दुसऱ्या दिवशी अर्थिंगचा खड्डा उकरला. आमची जमीन काळी, कसदार. चैत्र-वैशाखात ती तडकते आणि तिच्या भेगांत हात जातो. पाइपभोवतीची माती आकसून पाइपापासून दोन-दोन बोटे सुटली होती. मीठ आणि कोळसा कधीच वाहून गेले होते आणि खड्ड्यात पाणी टाकून वर्ष उलटले होते. वायर जागच्या जागी होती, जोड घट्ट होता, फक्त जमिनीशी संबंध उरला नव्हता. दुसऱ्यांच्या घरचे अर्थिंग तपासणाऱ्या माणसाच्या घरात हे घडले, याची टोचणी मला आजही आहे.

त्यानंतर मी संच नव्याने बांधला आणि पुढील गोष्टींत तडजोड करायची नाही असे ठरवले. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बोर्डातच बसवली आहे, संचाबरोबर ती जाते, म्हणजे दुसऱ्याच्या घरी त्याच्या वायरिंगच्या भरवशावर राहावे लागत नाही. तिचे टेस्ट बटण दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी दाबतो. मात्र आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असा समज काही मिस्त्री पसरवतात, तो घातक आहे. अर्थिंग असेल तर गळती होताक्षणी आरसीसीबी पडते. नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत ती वाट पाहते. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्च ते जून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकतो आणि वर्षातून एकदा अर्थ टेस्टरने मोजणी करतो. शंभराचा बल्ब फेज आणि अर्थला लावून ‘पेटला म्हणजे अर्थिंग उत्तम’ म्हणण्याची आपल्याकडची रीत पुरेशी नाही.

सॉलिड स्टेट रिलेविषयीही सांगितले पाहिजे. हा भाग बिघडला की बहुतेक वेळा बंद न होता कायमचा चालू राहतो. म्हणून त्याच्या अलीकडे हाताने दोन्ही तारा तोडणारा मुख्य स्विच हवा. त्याची स्वतःची उष्णताही पंधरा-वीस वॅट असते आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात; उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा मोठा हीट सिंक बोर्डाच्या बाहेर न लावल्यामुळे माझे दोन रिले जळाले. लांब वायर गुंडाळीवर असेल तर ती पूर्ण उलगडल्याशिवाय हीटर चालू करू नये. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. हीटर घेताना लांब आणि जास्त पृष्ठभागाचा घ्यावा, म्हणजे खळ करपत नाही. गाळ उकळताना मी हीटर अर्ध्या शक्तीवर ठेवतो आणि गाळ लाकडी चाटूने ढवळत राहतो. पाणी कमी झाल्यास बंद होणारा फ्लोट स्विचही बसवला आहे. टचस्क्रीन आणि मोबाइलवरून चालणारे नियंत्रक यांवर मात्र खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

रस झपाट्याने थंड करण्याची युक्ती आपल्या विदर्भाचीच म्हणावी लागेल. टाकीचे पाणी उन्हाळ्यात चहासारखे तापलेले असते, त्याने काय थंड होणार? मी डेझर्ट कूलरचा छोटा पंप तांब्याच्या वेटोळ्याला जोडला. कूलरच्या टाकीतले पाणी वेटोळ्यातून रसात फिरते आणि परत कूलरच्या गवतावर पडते, तिथे कोरड्या हवेत निवते. पंचवीस लिटर रस ९५ अंशांवरून ३५ अंशांवर आणायला साधारण अडीच-पावणेतीन लिटर पाणी वाफ होऊन जाते, एवढाच खर्च. पाणीटंचाईच्या गावांत ही बाब लहान नाही. कूलरचे पाणी रसात मिसळणार नाही यासाठी वेटोळ्याचे जोड गंजाच्या काठाबाहेर ठेवावेत.

मोहफुलांचे सिरप याच गंजात होते, पण तिथे विजेचा हिशेब वेगळा पडतो. वीस लिटर अर्क आटवून पाच लिटर करायचा म्हणजे पंधरा लिटर पाण्याची वाफ करायची आणि त्याला जवळजवळ साडेनऊ युनिटे लागतात. फुले धुणे, ६० अंशांच्या पाण्यात अर्क उतरवणे आणि गाळणे विजेवर करावे आणि आटवण्याचे काम पसरट कढईत, धूर बाहेर काढणाऱ्या चुलीवर करावे, असे माझे मत आहे. सगळेच विजेवर करण्याचा हट्ट गटाला परवडणार नाही. विक्री करायची असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे, हेही ताईंना सांगितले आहे.

आपल्या दैनिकामार्फत माझी एक मागणी आहे. सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांना ३५ टक्के अनुदान ठेवले होते. अशा विजेवरच्या यंत्राला अनुदान देताना त्या जागेच्या अर्थिंगची टेस्टरवरील मोजणी आणि आरसीसीबी बसवल्याचा दाखला परवानाधारक वीजतंत्र्याकडून घेतला जावा आणि ही मोजणी तालुक्यातील आयटीआयच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी निदेशकांच्या देखरेखीखाली गावोगावी जाऊन करून द्यावी. विद्यार्थ्यांचा सराव होईल आणि गटांचा खर्च वाचेल. मोहाची फुले मार्चमध्ये पडू लागतात आणि नेमकी त्याच सुमारास आमची जमीन तडकायला सुरुवात होते, त्यामुळे ही तपासणी फेब्रुवारी संपण्याच्या आत व्हावी.

आपला नम्र,
एक वीजतंत्री वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा