गॅस टर्बाइन: नुसता गॅस बदलून भागत नाही

संपादक महोदय,

नैसर्गिक वायूवरची टर्बाइन दुसऱ्या गॅसवर चालवायची तर नवी पाइपलाइन जोडली की झालं, हा समज घातक आहे. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३५ मेगाज्यूल उष्णता असते, प्रोड्युसर गॅसमध्ये (लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत अर्धवट जाळून मिळणारा गॅस) जेमतेम ४ ते ६. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी सहा ते नऊ पट गॅस लागतो. जुन्या नोझलच्या भोकांतून तो जाणारच नाही. नोझल, कंट्रोल व्हॉल्व्ह, गॅस कॉम्प्रेसर, सगळंच मोठं हवं. शिवाय टर्बाइनमधून जास्त वायू जाऊ लागला की हवेच्या कॉम्प्रेसरवर मागून दाब चढतो आणि तो सर्जमध्ये जाऊ शकतो, म्हणजे आतली हवा उलटी धडका मारू लागते. थोडी हवा वाटेतच बाहेर सोडावी लागते.

हायड्रोजनचं दुखणं वेगळं. त्याची ज्योत इतकी वेगवान, की प्रीमिक्स बर्नरमध्ये (जिथे गॅस आणि हवा आधीच मिसळून मग जाळतात) मागे सरकून नोझलचं टोक जाळते.

सर्वांत दगाबाज मात्र कचरा डेपोच्या गॅसमधले सिलोक्सेन, म्हणजे सिलिकॉन असलेली संयुगं. जळल्यावर त्यांची सिलिका (वाळूतला मुख्य पदार्थ) होते आणि पात्यांवर पांढरा, कडक थर बसतो. त्यांना आधीच अडवणारी सक्रिय कोळशाची गाळणी वेळेवर बदलण्यात कृपा करून कसूर नको.

आपले,
टर्बाइन देखभालीतले काही वाचक