मिस्त्रीकाका, तुम्ही आधी धुणं बघितलंत

सोलापूर

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि मामांशी बोलायला आतल्या खोलीत निघून जाता. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं उघडं पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. गेल्या दोन महिन्यांत माझ्या शाळेतल्या तिघीजणी आमची धुण्याची खोली बघून गेल्या. तिघींच्याही घरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे. तिघींनी एकच विचारलं, हे कसं सुचलं? मला सुचलेलं नाही, काका. ते तुमचं आहे, आणि ते तुमच्या नावे सांगायला हवं.

मागच्या वर्षी श्रावणात मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून घरातलं धुणं दुप्पट झालं. रोज दोन-तीन चादरी, पंचे, लुंग्या, रात्री-अपरात्री बदललेले कपडे. मागची मोरी आठ फूट बाय पाच फूट. त्यात मशीन, पाण्याची दोन निळी पिंपं, बादल्या, टब आणि सकाळपासून साठलेला ढीग. रात्री दोन वाजता भरलेली चादर हातात घेऊन मी त्या मोरीच्या दारात उभी राहायचे आणि ती कुठे ठेवावी हेच कळायचं नाही. पायानं बादली सरकवायची आणि फरशीवर टाकायची. सकाळी तिथूनच उचलायची. त्या चादरीला घरात हक्काची जागा नाही, या गोष्टीचं मला फार वाईट वाटायचं. मामांची चादर होती ती.

कपाटं आम्ही तुम्ही येण्याआधी एकदा करून घेतली होती. कुणाकडून, ते लिहीत नाही. त्यांनी खोली मोजली, मोबाईलवर सुंदर चित्रं दाखवली आणि आठ दिवसांत भिंतभर पांढरी कपाटं लावून गेले. मशीनचं झाकण वर उघडतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. वरच्या कपाटाला झाकण अडायचं, आणि एका हातानं ते धरून दुसऱ्या हातानं ओले कपडे ओढायचे. खालच्या कपाटांचा प्लाय पाणी पिऊन तीन महिन्यांत फुगला. खिडकी अर्धी झाकली गेली, आणि मोरीत कुबट वास राहू लागला.

तुम्ही आलात ते मामांना भेटायला. पूर्व भागातल्या एकाच कारखान्यात ते माग चालवायचे आणि तुम्ही मागांची लाकडी कामं करायचात, एवढंच मला माहीत होतं. चहा घेऊन मी आले तेव्हा तुम्ही मोरीच्या दारात उभे होता. फुगलेल्या कपाटावर नख मारून बघितलंत आणि विचारलंत, "सूनबाई, पाणी कवा येतंय?" मी म्हटलं, परवा. "परवा येतो. आवरून ठेवू नको काही. रोज करतीस तसंच धुणं कर, मी बसून बघतो."

आणि खरंच आलात. सोलापुरातल्या बायकांना सांगायला नको, नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी जड धुणं निघतंच. तुम्ही दारात स्टूल टाकून दोन तास बसलात. हातात टेप नव्हती, खडू होता. मी खाली वाकले की शहाबादी फरशीवर एक रेघ. काही घ्यायला मोरीच्या बाहेर गेले की एक फुली. शेवटी मोजलंत. एकतीस रेघा, चौदा फुल्या.

"कपाट नंतर," तुम्ही म्हणालात. "आधी या रेघा कमी करायच्या."

काका, त्या दिवसापर्यंत मी किती वेळा वाकते हे कुणी मोजलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढचं सगळं त्या खडूच्या खुणांतून निघालं. कपडे कुठून येतात, कुठे थांबतात, कुठे भिजतात, मशीनमधून निघाल्यावर कुठे जातात, या वाटेवर तुम्ही एकेक जागा पाडलीत. दारातून आत येताच डाव्या हाताला बत्तीस इंच उंचीचा ओटा आणि त्यात खोल सिंक. मामांच्या चादरी उभ्यानं खळबळायच्या, फरशीवर नाही. सिंकखाली पाइप मोकळा ठेवलात आणि त्याच्या शेजारी ओट्याखाली तीन टोपल्या, चॅनलवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यांवर, बाहेर येणाऱ्या: पांढरे कपडे, रंगीत कपडे, आणि सिंकच्या सगळ्यात जवळ झाकणाची टोपली मामांची. टोपल्या बाजूनं भोकाभोकांच्या, म्हणजे ओलसर कपड्याला वारा लागतो. टोपलीचं माप तुम्ही बाजारात जाऊन ठरवलं नाहीत. आमच्या मशीनमध्ये एका वेळी जेवढे कपडे मावतात तेवढे माझ्याकडून टोपलीत भरून घेतलेत आणि तेच माप धरलंत. आता टोपली भरली की मशीन लावायचं, एवढा साधा हिशोब आहे. माझी आठवीतली मुलगीसुद्धा लावते.

ओट्याखालच्या उभ्या पाट्या आणि आडवे कप्पे तुम्ही कडप्प्याचे करायला लावलेत. प्लायच्या दुकानात मला घेऊन जाऊन पाटीवरचा आय.एस. ७१० चा शिक्का दाखवलात आणि तिथंच सांगितलंत की हा पाण्याला टिकणारा प्लाय असला तरी मोरीत फरशीला टेकवायचा नाही. कापलेली कड उघडी राहिली की तिथून पाणी शिरतं. आपल्या आजीच्या घरात कडप्प्याची मांडणी होतीच की, तिला काय झालं पन्नास वर्षं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला माझ्या आजोळची मोरी डोळ्यांपुढे आली. काळी मांडणी, त्यावर तांब्याची घागर, कोनाड्यात साबण. कडप्प्यात स्क्रू धरत नाही म्हणून चॅनलसाठी आतून ॲल्युमिनियमची चौकट बसवलीत. जुन्या कपाटांतला वरचा कोरडा प्लाय वाया न घालवता त्याची दारं केलीत आणि चारी कडांना पट्टी लावलीत.

इथे एक गोष्ट वाचणाऱ्यांसाठी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. मशीनच्या आत पांढरा थर बसतो, म्हणून मी महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व घालून मशीन रिकामं फिरवते. एकदा चमचाभर लिंबूसत्त्वाचं पाणी कडप्प्यावर सांडलं. पुसेपर्यंत तिथली चकाकी गेली आणि फिकट डाग पडला, तो कायमचा. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, आंबट त्याला चालत नाही. लिंबूसत्त्व आता मी सिंकमध्ये भांडं ठेवून त्यातच कालवते.

मशीनची जागा ठरवायला तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घेतलात. कपडे पिळायला मशीन जोरात फिरू लागलं तसा तुम्ही त्याच्या पाठीला तळहात लावलात आणि डोळे मिटून उभे राहिलात. मला वाटतं त्या वेळी तुम्ही कारखान्यातच होता. मग पाणसळ ठेवून मशीनचे चारी पाय सारखे केलेत. "माग हलणारच. हलणाऱ्याला आवळून बसवायचं नाही." दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच आणि मागे पाच इंच मोकळे सोडलेत. पाण्याची तोटी मशीनच्या मागे न ठेवता बाजूच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला आणलीत, कारण पाण्याच्या नळीतली जाळी क्षारानं आणि गाळानं सारखी तुंबते, आणि ती साफ करायला मशीन ओढावं लागू नये. झाकण पूर्ण उघडल्यावर जमिनीपासून चोपन्न इंच भरलं. पहिली फळी अठ्ठावन्नवर गेली. प्लगही तोटीच्या विरुद्ध भिंतीला, उंच.

पिंपांचं काय करायचं हा माझा खरा घोर होता. चित्रांतल्या खोल्यांमध्ये पिंपं नसतात. आपल्या घरांत असतात, आणि त्यांची जागा आधी धरली नाही तर बाकीचं सगळं फसतं. तुम्ही एक पिंप मागच्या अंगणात पाठवलंत, दुसऱ्याला खाली तोटी बसवलीत आणि ते कोपऱ्यात फूटभर कट्ट्यावर चढवलंत, खाली बादली बसेल असं. दोनशे लिटरचं पिंप भरलं की दोनशे किलोच्या वर जातं, म्हणून कट्टा भरीव बांधायला लावलात. त्याच्या डोक्यावर फळी नाही. पिंप घासायचं तर झाकण निघायला हवं, आत हात जायला हवा.

आणि चादरी. सोलापुरात राहून चादरी कुठे ठेवायच्या याचा विचार न करता कपाट कसं करतात, हे तुम्ही फार दुखावून विचारलंत. आधीची कपाटं बारा इंच खोल होती. आमची चादर साठ इंच बाय नव्वद. दोन्हीकडून दोनदा घडी घातली की पंधरा बाय साडेबावीस होते. बारा इंचांत ती तीन इंच बाहेर यायची आणि दार लागायचं नाही. तुम्ही घडी घातलेली चादर फरशीवर ठेवलीत, तिच्याभोवती खडू फिरवलात आणि त्या चौकोनावरून कप्पा आखलात. सोळा इंच खोल, चार फूट रुंद, शेजारी शेजारी दोन थप्प्या. मधोमध उभा आधार, कारण तीन फुटांच्या वर मोकळी फळी ठेवली की जड चादरींनी तिला झोळ येतो. माझा हात वर केल्यावर किती पोचतो तेही बघितलंत. सहा फूट दोन इंच. त्याच्या वर रोजची एकही वस्तू नाही, फक्त रजया आणि दिवाळीचे पडदे.

ब्लीचसारख्या धुण्याच्या औषधांचा खण डोळ्यांच्या उंचीला, कुलपाचा. घरात लहान मूल येतं-जातं. मामांच्या कपड्यांसाठी ब्लीच लागतं, आणि शेजारीच संडास धुण्याचं ॲसिड होतं. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू होतो आणि तो छातीला घातक असतो, म्हणून ॲसिड त्या खोलीतूनच हलवलं. खिडकी तुम्ही पूर्ण मोकळी केलीत. छताला कप्पीची दोरी लावलीत, आकडे थेट स्लॅबमध्ये ठोकून, कारण ओली चादर किती ओढते ते तुम्हाला ठाऊक. उन्हाळ्यात गच्चीवर तासाभरात कपडा वाळतो, पण रात्री बदललेल्या चादरीला त्या दोरीचा फार आधार आहे.

एवढ्यावर काम झालं होतं. गवंड्याचे, प्लंबरचे पैसे दिले, तुम्ही स्वतः एक रुपया घेतला नाहीत. दुसऱ्या दिवशी परत आलात, हातात एक घासलेली सागवानी फळी. मोरीच्या बाहेर, दाराशेजारच्या भिंतीला बिजागरीवर ती बसवलीत. नको तेव्हा खाली पडते, हवी तेव्हा आडवी होते. उंची एकोणतीस इंच. मला कळेना, एवढ्या खाली कशाला? मग तुम्ही मामांची चाकांची खुर्ची ढकलत आणलीत. त्यांचे गुडघे बरोबर फळीखाली गेले. फळीच्या उजव्या कडेला तुम्ही एक लाकडी चिमटा बसवला होता. नॅपकिनचं टोक त्यात अडकवलंत, आणि दुसरं टोक मामांच्या डाव्या हातात दिलंत.

त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. हळूहळू, शेवटपर्यंत. मग टोकाला टोक जुळवून घडी घातली, आणि तळहातानं दाबली. तुम्ही दोघं काहीच बोलला नाहीत. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आजारी पडल्यापासून त्यांनी घरातलं एकही काम केलं नव्हतं. आता रोज दुपारी चार वाजता ते खुर्ची दारापाशी न्यायला सांगतात. नॅपकिन, पंचे, नातीचा शाळेचा रुमाल, सगळं तेच घडी घालतात. घाईत मी एखादी घडी घातली तर उलगडून पुन्हा घालतात, काठ जुळेपर्यंत. परवा बोलताना शब्द नीट निघत नव्हता, तरी चिमट्याकडे बोट करून तुमचं नाव घेतलं. स्पष्ट.

गेल्या रविवारी मी खडू घेतला आणि मुलीला दारात बसवलं. सात रेघा आणि दोन फुल्या.

मधल्या टोपलीचा चॅनल जरा अडकतोय. तेवढं निमित्त धरून रविवारी या. मामी ज्वारीच्या कडक भाकरी करून ठेवणार आहेत, शेंगाची चटणी आणि दही आहेच. मामांना सांगितलंय तुम्ही येणार म्हणून, ते सकाळपासून दाराकडे बघत बसतील.

तुमची,
सूनबाई