बीडचे मतदान कोणत्या महिन्यात?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मराठवाडा पानावर बीड लोकसभा मतदारसंघाचा तक्ता वाचला. त्यात २००९ पासूनचे निकाल, शेजारी मराठा आणि वंजारी या दोन मोठ्या समाजांच्या मतांचे अंदाजी आकडे आणि खाली 'म्हणून असे झाले' या थाटाचे विश्लेषण होते. मी धारूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. अर्धी नोकरी फळ्यासमोर झाली, उरलेली जनगणना, पल्स पोलिओ आणि निवडणुकांच्या कामात. त्या हक्काने लिहितो आहे. पत्र लांबले तर कात्री लावा, पण मतदानाच्या महिन्यांचा मजकूर तेवढा राहू द्या.

पहिले म्हणजे, बीडने २००९ च्या आधीही खासदार निवडले आहेत. १९५२ साली आम्ही हैदराबाद राज्यात होतो. तिथे कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, म्हणून ती मंडळी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने उभी राहिली आणि बीडमधून रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. रझाकारी संपून तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. १९५७ ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६२ ला महाराष्ट्रात. माझ्या वडिलांनी गावची वेस न ओलांडता तीन राज्यांत मतदान केले! या दोन्ही वेळा काँग्रेस आली, १९६२ चे खासदार द्वारकादास मंत्री.

१९६७ ची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्या साली बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिले. साताऱ्याच्या पत्री सरकारचे नाना पाटील, गाव येडे मच्छिंद्र, म्हणजे आमच्यापासून कोस न कोस लांब. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले होते. दहा वर्षांनी साठी उलटलेला हा माणूस भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर बीडला आला. ना इथे त्यांचे भावकीचे घर, ना सोयरीक, ना संस्था, ना कारखाना. वडील बाजाराच्या दिवशी त्यांची सभा ऐकून आले आणि रात्री ओसरीवर शेजारपाजाऱ्यांना ती जशीच्या तशी म्हणून दाखवली. मी तेव्हा शाळकरी पोर. त्या बोलण्यातले मला एवढेच आठवते की हसणे फार होते, आणि मधूनच सगळे गप्प व्हायचे. वडिलांना पक्षाचे नाव धड घेता येत नव्हते. 'नानाचं इळा-कणीस' एवढे त्यांना पुरेसे होते.

१९७१ ला सयाजीराव पंडित, काँग्रेस. १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी. त्या वर्षी महाराष्ट्रातून मार्क्सवादी पक्षाचे तिघे लोकसभेवर गेले: मुंबईतून अहिल्या रांगणेकर, डहाणूतून लहानू कोम आणि तिसरे आमचे बुरांडे. आज बीडचे नाव निघाले की दिल्ली-मुंबईचे पत्रकार ज्या गोष्टी विचारतात, त्यांच्या यादीत हे कुठेच नसते. पुढे १९८० आणि १९८४ ला केशरबाई क्षीरसागर, जिल्हाभर 'काकू'. १९८९ ला जनता दलाचे बबनराव ढाकणे. ते पाथर्डीचे, पण पाथर्डी आणि आमचे शिरूर-आष्टी यांत जिल्ह्याची रेघ सोडली तर फरक नाही. माळरान तेच, ऊसतोडीचा कोयताही तोच. १९९१ ला पुन्हा काकू. १९९६ ला भाजपच्या रजनी पाटील, ज्या नंतर काँग्रेसकडून राज्यसभेत गेल्या. १९९८ आणि १९९९ ला भाजपचे जयसिंगराव गायकवाड, आणि २००४ ला तेच जयसिंगराव राष्ट्रवादीच्या घड्याळावर! मतदारांनी चिन्ह बदलून माणूस तोच ठेवला.

आता परांजपे, मंत्री, बुरांडे, क्षीरसागर ही नावे घ्या आणि आपल्या तक्त्यातल्या दोन ठळक रकान्यांत बसवून दाखवा. एकही बसणार नाही. जात मोजली जात नव्हती असे सांगण्याइतका मी भाबडा नाही. गावात राहतो, कोणाच्या ओट्यावर कोण बसतो हे मला दिसते. २०२४ मध्ये तर एरवी एका ताटात जेवणारे एकमेकांच्या दुकानावर जाईनासे झाले होते. पण हे कालचे आहे. ते सत्तर वर्षांवर पसरून दाखवणे बरोबर नाही.

आणखी एक. पोटनिवडणूक धरून बीडच्या १९ निवडणुकांपैकी सहा बायांनी जिंकल्या: काकू तीनदा, रजनीताई एकदा, प्रीतमताई मुंडे दोनदा. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. त्या जनगणनेत मीही घरोघर फिरलो होतो. बाईला मत देणारे आणि पोटातली मुलगी नको म्हणणारे, दोघे एकाच उंबऱ्याआड राहतात. याचे उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या विश्लेषकांना तरी हा प्रश्न पडावा.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या तक्त्यात सालाशेजारी महिना नाही. बीडपुरता तरी तो हवाच. १९७२ च्या दुष्काळानंतर इथून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, टोळीबरोबर निघते. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की पाडव्याच्या मागेपुढे परत. मधले पाच-सहा महिने वाड्यांवर आणि तांड्यांवर म्हातारी माणसे, शाळेची पोरे आणि कुलपे.

आणि निवडणुका कधी झाल्या? १९७७ ची मार्चमध्ये. १९८० ची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन हंगामात. १९८४ ची डिसेंबरच्या शेवटी. १९८९ ची नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, टोळ्या नुकत्याच गेलेल्या. १९९८ ची फेब्रुवारीत. उलट १९९१, १९९६, आणि २००४ पासूनच्या झाडून सगळ्या सार्वत्रिक निवडणुका उन्हाळ्यात. १९९९ ची सप्टेंबरमध्ये, म्हणजे निघण्याआधी.

१९८४ ला मी एका वाडीवरच्या केंद्रावर मतदान अधिकारी क्रमांक एक होतो. या माणसाचे काम सोपे: यादीत नाव शोधायचे, प्रतिनिधींना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचायचे, नावावर खूण करायची. सकाळच्या प्रहरात म्हातारी माणसे येऊन गेली, आणि मग दुपारी कोणीच नाही. यादीची पाने उलटावीत तर एका घरातल्या सासू-सासऱ्यांवर खूण आणि खालची चार नावे कोरी. पुढचे घर तसेच, त्यापुढचेही तसेच. तीनच्या सुमाराला एक आजी नातवाला कडेवर घेऊन पुन्हा आली. बोटाची शाई दाखवून म्हणाली, "मास्तर, माझं झालंय. पर लेक अन् सून कारखान्याला गेलेत. चिन्ह सांगून गेलेत दोघंबी. त्यंचं मत मीच टाकू का?" केंद्राध्यक्षांनी समजूत काढली. तिला ते पटले नाही. रेशन दुकानात कार्ड दाखवले की सगळ्यांचे धान्य मिळते, मग इथे काय अडले, असा तिचा सरळ हिशेब होता. दाराशी बसलेल्या दोन्ही पक्षांच्या पोलिंग एजंटांना हसू आवरेना. मलाही हसू आले होते, हे लपवत नाही.

यावरून काकू ऊसतोड्यांच्या गैरहजेरीत जिंकल्या असा अर्थ कोणी काढू नये. १९९१ ला कोयता गावात होता तरी त्याच आल्या. बुरांडे मार्चमध्ये आले, तेव्हाही पुष्कळ लोक उसाच्या फडात होते. जो निकाल लागला तो लागला. माझे म्हणणे एवढेच की, यादीत नाव असलेला माणूस गावात होता असे धरून जातीच्या टक्केवाऱ्या मांडल्या की पायाच कच्चा राहतो. ऊस तोडायला सगळ्याच जातींचे गरीब जातात, पण सारख्या प्रमाणात जात नाहीत. डिसेंबरातला मतदार आणि एप्रिलमधला मतदार हे दोन वेगळे मतदारसंघ समजा.

२००९ पासूनचा काळही असा बघा. भाजपचे गोपीनाथ मुंडे दोनदा एप्रिलमध्ये निवडून आले. ऊसतोड कामगारांच्या मजुरीच्या प्रश्नावर भांडलेला हा पुढारी, आणि कामगार परत आल्यावर मतदान! २०१४ ला मंत्रिपदाची शपथ घेतल्यावर आठवडाभरात, ३ जूनला, दिल्लीत अपघाती निधन झाले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत टोळ्या अजून निघायच्या होत्या. राष्ट्रवादीने उमेदवार दिला नाही आणि त्यांच्या कन्या प्रीतमताई ६,९६,३२१ मतांनी आल्या. देशातला तो विक्रम इंदूरने २०२४ मध्ये मोडला. त्याच २०२४ च्या मे महिन्यातल्या मतदानात भाजपच्या पंकजाताई मुंडे ६,५५३ मतांनी पडल्या आणि शरद पवारांच्या पक्षाच्या तुतारी चिन्हावरचे बजरंग सोनवणे खासदार झाले. तुतारीसारख्याच दिसणाऱ्या पिपाणी चिन्हावरच्या एका अपक्षाने पन्नास हजारांवर मते खाल्ली, तुतारीवाल्यांना धाप लागली, मोजणी रात्री उशिरापर्यंत चालली. दहा वर्षांत सात लाखांवरून साडेसहा हजारांवर येणारा मतदारसंघ कोणाच्या खिशात आहे असे कसे म्हणता येईल? जाता जाता: मुंड्यांनी परळीला वैद्यनाथ कारखाना उभा केला, सोनवण्यांचा स्वतःचा कारखाना आहे. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे पुढारी कारखानदार आणि दोन्ही बाजूंचे मतदार कोयतेवाले.

रेल्वेबद्दल थोडक्यात. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. त्यानंतरच्या प्रत्येक प्रचारात इंजिनाने शिट्टी मारली. गाडी आष्टीपर्यंत आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला. परळीपर्यंतचा तुकडा पुढच्या जाहीरनाम्यांसाठी शिल्लक आहे.

लोकसभा आता उन्हाळ्यात स्थिरावली, मग अडचण काय, असे कोणी म्हणेल. विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरला होते. २०२४ ला २० नोव्हेंबरला मतदान, त्याच सुमारास गळीत हंगाम. मग ज्याच्याकडे पैसा तो कारखान्यावर जीप-टेम्पो पाठवून 'आपली' माणसे आणतो. गाडी कुणाची, मत त्याचे, हे न बोलता ठरलेले. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरच्या मतदारांसाठी एका यंत्राचे प्रात्यक्षिक पक्षांपुढे ठेवले होते. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान होऊ शकेल असे ते यंत्र. पक्षांनी शंका काढल्या, गाडी तिथेच थांबली. काही शंका रास्तही असतील. पण बीडच्या कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याने 'आमच्या फडातल्या माणसासाठी हे हवे' म्हटल्याचे मी तरी वाचले नाही.

ते होईल तेव्हा होवो. त्याआधी करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला नवे यंत्र लागत नाही. मतदारयाद्यांची वार्षिक दुरुस्ती दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन जानेवारीत संपते, कारण १ जानेवारी ही पात्रतेची तारीख. म्हणजे यादी तपासणारा माणूस नेमका कुलपासमोर उभा राहतो. शेजारी सांगतात 'बाहेर गेलेत', कागदावर 'स्थलांतरित' लिहिले जाते, आणि उन्हाळ्यात केंद्रावर आलेल्या जोडप्याला कळते की आपले नाव उडाले. माझ्या नात्यातल्या दोन घरांत हे झाले आहे. २०२१ च्या कायदादुरुस्तीने आता वर्षात चार पात्रता तारखा मिळाल्या आहेत: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. मग बीडसारख्या जिल्ह्यात घरोघरीची तपासणी १ जुलै धरून, मे-जूनमध्ये, टोळ्या गावात असताना का करू नये? हा प्रश्न आपल्या वार्ताहराने जिल्ह्याच्या निवडणूक शाखेला विचारावा आणि मिळेल ते उत्तर, तारखेसह, छापावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. धारूर, जि. बीड