पट्टे आधी नीट पाहा, नाव मग ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या बालपुरवणीत झेब्र्याचं मोठं रंगीत चित्र होतं आणि खाली ओळ होती, ‘सिंहापासून गवतात लपता यावं म्हणून झेब्र्याच्या अंगावर पट्टे असतात.’ माझ्या चौथीतल्या नातीने ती ओळ वहीत उतरवून घेतली. मी म्हटलं, “काळं-पांढरं गवत कुठे पाहिलंस गं?” तिने पुरवणीवर बोट ठेवलं. छापून आलंय म्हणजे खरंच असणार! म्हणून हे पत्र तिला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

मी शास्त्र शिकलेली नाही. हडपसरला तीस वर्षं लेडीज टेलरचं दुकान चालवलं. पण पट्ट्यांशी माझं जुनं वैर आहे. साधं कापड कसंही बेता, खपून जातं. पट्ट्याचं कापड बगलेच्या शिवणीला एक सूत जरी सरकलं, तरी गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून तोंड वाकडं करतं. त्यामुळे पट्टा दिसला की तो कुठून निघाला आणि कुठे जाऊन संपला, हे पाहायची डोळ्यांना खोड लागली आहे.

लपण्याची गोष्ट जुनी आहे, त्यात पुरवणीवाल्यांचा एकट्यांचा दोष नाही. वॉलेससारख्या मोठ्या निसर्ग अभ्यासकाचंही मत तसंच होतं. पण डार्विनने १८७१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की आफ्रिकेतल्या उघड्या माळावर या पट्ट्यांनी झेब्र्याचा काही बचाव होत नाही. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी सिंहाच्या नजरेचा हिशेब मांडला. भर दिवसा ५० मीटरच्या पलीकडून आणि तिन्हीसांजेला ३० मीटरच्या पलीकडून सिंहाला झेब्र्याचे पट्टे वेगळे ओळखणं अवघड जातं. आणि ते दिसण्याइतका जवळ येईपर्यंत त्याला वासाने आणि आवाजाने झेब्रा केव्हाच सापडलेला असतो.

मग पट्टे कशासाठी? आज सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो चावणाऱ्या माशांचा. प्राणिशास्त्रज्ञ टिम कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये घोड्याच्या कुळातले सगळे प्राणी घेतले आणि कोणाला किती पट्टे, हे सिंह, उकाडा, झाडी, माशा अशा एकेका गोष्टीशी ताडून पाहिलं. जुळलं ते माशांशी. झेब्र्याचे केस आखूड, माशीची सोंड कातडीपर्यंत सहज पोचते आणि आफ्रिकेत या माशा घोड्यांना मारणारे रोग घेऊन हिंडतात.

पण मला खरी गंमत वाटली ती २०१९ च्या प्रयोगाची. इंग्लंडमध्ये कॅरो आणि मंडळींनी साध्या घोड्यांना चक्क कपडे घातले! एकदा काळा अंगरखा, एकदा पांढरा, एकदा झेब्र्याच्या पट्ट्यांचा. गोमाशा तिन्ही वेळा घोंघावत आल्या, पण पट्ट्यांच्या अंगरख्यावर फारच थोड्या बसल्या. जवळ येऊन त्यांना वेग आवरता येईना. घोड्याचं डोकं उघडं होतं, तिथे मात्र नेहमीइतक्याच बसत होत्या. तीस वर्षांच्या धंद्यात घोड्याचं माप घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही, याचं वाईट वाटलं. जपानमध्ये तर काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले आणि त्यांच्यावर बसणाऱ्या चावऱ्या माशा जवळजवळ निम्म्यावर आल्या. या कामाला २०२५ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. आपल्याकडे पोळ्याला बैल रंगवतातच, कुणा शेतकऱ्याने यंदा ठिपक्यांऐवजी पट्टे काढून पाहावेत.

पट्टे उमटतात कसे, हा निराळा प्रश्न. झेब्र्याच्या पोटावरचे पट्टे उभे, पायावरचे आडवे. दोन्ही भेटतात खांद्याशी, आम्ही ज्याला मुंढा म्हणतो तिथे. आमचा जोड हमखास चुकतो तो तिथेच. झेब्र्याच्या मुंढ्यावर पाहा, पट्टे दुभंगून एकात एक बसवलेले त्रिकोण होतात आणि कुठे रेघ तुटत नाही. संगणकाचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये यामागचं एक गणित सुचवलं होतं. एक द्रव्य म्हणतं ‘रंगव’ आणि स्वतःला वाढवत जातं, पण त्याच्याचमुळे तयार होणारं दुसरं म्हणतं ‘थांब’ आणि ते जास्त वेगाने पसरतं. जवळ रंग धरतो, जरा लांबवर अडतो, पुन्हा धरतो. १९९५ मध्ये जपानच्या कोंडो आणि असाई या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या एंजलफिशवर ते ताडून पाहिलं. मासा मोठा होतो तसे त्याचे पट्टे ताणून रुंद होत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधे नवा पट्टा उगवतो. गिऱ्हाइकाचं वजन वाढल्यावर आमच्या कापडाने असं केलं असतं तर!

पडवळावर पांढऱ्या रेघा, तोंडल्यावर रेघा, कलिंगडावर हिरव्यात हिरवे पट्टे, हे रोज विळीवर येतं. माझी लाडकी मात्र दारची गुलबक्षी. एकाच झाडावर एक फूल पिवळं, दुसरं गुलाबी आणि तिसरं पिवळ्यावर गुलाबी फराटे ओढलेलं. तिथे रंगाच्या जनुकात एक उडी मारणारा तुकडा घुसून बसलेला असतो. ज्या पेशीतून तो निसटतो तिच्या पुढच्या सगळ्या पिढ्या रंगीत होतात आणि तो फराटा दिसतो. अशा उड्या मारणाऱ्या जनुकांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात लावला, १९८३ चं नोबेल त्यासाठीच.

आता ज्यासाठी पेन हातात घेतलं ते. आम्ही दिवे घाटाच्या पायथ्याकडच्या एका नव्या सोसायटीत राहतो. मागे माळ आहे. गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास मागच्या गेटच्या कॅमेऱ्यात एक जनावर दिसलं आणि सकाळी चहाच्या आधी सगळ्यांच्या मोबाईलवर ‘बिबट्या’ येऊन धडकला. मुलांचं खाली खेळणं बंद. दोन रात्री गच्चीवरून फटाके. तिसऱ्या दिवशी एका दैनिकात (आपल्या नव्हे) ‘बिबट्याची दहशत’ अशी चौकटही आली. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. पाठ मागे उतरती, मानेवर उभी आयाळ, आणि पायांवर स्वच्छ आडवे पट्टे. बिबट्याला ठिपके असतात हो! हे तरस होतं. सासवड, जेजुरी, बारामतीकडच्या माळांवर ते पूर्वापार आहे. मेलेली जनावरं आणि हाडं खाणारा, माणूस दिसला की वाट बदलणारा प्राणी. आमच्या रस्त्याच्या कडेला चिकनवाले रात्री पोत्यांनी घाण टाकतात, ते त्या वासावर आलं होतं. इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वन विभाग लोकांना पैसे घेऊन गवताळ माळाच्या सफारीवर नेतो, त्यात तरस दिसलं तर माणसं धन्य होतात. आमच्याकडे फुकट आलं, तर त्याच्यावर सुतळी बॉम्ब!

मी कमिटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, “दादा, पट्टे मोजा.” ते म्हणाले, “मावशी, तुम्ही ब्लाउज बघा.” असो.

त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये एक साप काठीने मारला. मण्यार म्हणून मारला, निघाला कवड्या, अगदी बिनविषारी. दोघेही गडद रंगाचे, दोघांनाही आडवे पांढरे पट्टे, घोळ होणारच. पण मण्यारीचे पट्टे मानेपासून बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट. म्हणजे एकच कापड उलटसुलट धरल्यासारखं. अर्थात हे वाचून कुणी वाकून पट्टे तपासत बसू नये. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखतही नाही आणि झोपेतल्या माणसाचा जीव जातो. लांब उभं राहावं, सापावर नजर ठेवावी, सर्पमित्राला बोलवावं. मारायला काठी मिळते, तेवढ्या वेळात फोनही लागतो.

तेव्हा विनंती अशी, की पुरवणीत झेब्र्याची दुरुस्ती छापावीच, पण पुढच्या रविवारी ते पान आपल्या भागातल्या पट्टेवाल्यांना द्यावं. तरस आणि बिबट्या शेजारी शेजारी, मण्यार आणि कवड्या शेजारी शेजारी, आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला डेंगीचा डासही, कारण पुण्यात या सगळ्यांपेक्षा जास्त माणसं तोच आजारी पाडतो. फोटो ठळक असावेत. ते पान मी आमच्या लिफ्टमध्ये चिकटवणार आहे.

माझं नाव कृपया छापू नये, सेक्रेटरी शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात.

आपली,
एक निवृत्त टेलर, पुणे

ता. क. : मागच्या महिन्यात ताडोबावरच्या लेखात आपण पान तीनवर एक आणि पान सातवर एक असे दोन वाघ छापले होते. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, शिवाय एकाच वाघाची डावी कूस उजवीशी जुळत नाही. जंगलात कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात ते एवढ्यासाठीच. आपल्या दोन्ही फोटोंतले पट्टे मात्र आरशात धरल्यासारखे रेघेला रेघ जुळले, मागची गवताची काडीसुद्धा. मग पान सातवरचा वाघ नेमका कुठला?