गोल कुणी मारला तेवढं तरी छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गुरुवारच्या अंकात क्रीडा पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात महिला हॉकीची बातमी होती ती वाचली आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. विधानसभेच्या मतदानानंतरचा दिवस होता, टक्केवारी, एक्झिट पोल, कुठल्या बूथवर मशीन बंद पडलं हे सगळं येणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीपण सकाळी रांगेत उभं राहून मत देऊन आले आणि संध्याकाळी बिहारमधल्या राजगीरला झालेली महिलांच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीची भारत-चीन फायनल बघायला टीव्हीसमोर बसले. पण जेवढी जागा होती तेवढ्यात तरी नीट लिहायचं की ओ. १-० ची मॅच होती. अख्ख्या फायनलमध्ये एक गोल झाला आणि तो एक गोल कुणी मारला ते बातमीत नाही! कॅप्टनचं नाव नाही, कोचचं नाव नाही, नुसतं "भारताच्या मुलींनी बाजी मारली". हेडिंग काय तर "चीनवर सहज मात".

सहज कुठं? ज्याने लिहिलं त्याने मॅच बघितलेली नाही हे मी खात्रीने सांगते. हाफ टाइमपर्यंत ०-० होतं. ३१ व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर दीपिकाने रिव्हर्सने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, मारला तो गोल. मग ४२ व्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला तो चीनच्या गोलकीपरने अडवला, आणि तिथून पुढं हूटर वाजेपर्यंत जीव मुठीत धरून बसायची वेळ होती. समोर कोण होतं, तर ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकची फायनल खेळून सिल्व्हर घेऊन आलेली टीम. तिला आपण लीगमध्ये ३-० हरवलं आणि फायनलला १-०, म्हणजे दोन मॅचमध्ये तिला आपल्यावर एकही गोल करता आला नाही. पूर्ण स्पर्धेत सात मॅच, सातही जिंकल्या, २९ गोल मारले आणि खाल्ले फक्त दोन, तेही एकट्या कोरियाकडून. दीपिकाचे एकटीचे ११. याच वर्षी जानेवारीत रांचीला जपानकडून ०-१ हरून आपलं पॅरिस हुकलं होतं, त्या जपानला इथं एकदा ३-० आणि सेमीफायनलला २-०. यातली एक ओळ तरी टाकायची होती. कॅप्टन सलिमा टेटे कुठल्या झारखंडमधल्या सिमडेगाकडची पोरगी, हरेंद्र सिंग कोच, आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आपण तिसऱ्यांदा जिंकलोय, २०१६, २०२३ आणि आता. एवढं लिहायला किती जागा लागते?

आणि सगळ्यात जास्त राग याचा आला की त्या टीममध्ये वैष्णवी फाळके आहे हे आपल्या पेपरला माहीतच नाही असं वाटलं. डिफेन्सला खेळते, सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची. फलटण काय परमुलखात आहे का? माउलींची पालखी फलटण, बरड करत धर्मपुरीला आपल्या सोलापूर जिल्ह्यात येते, माळशिरस तालुक्याची हद्दच लागून आहे. शेजारच्या तालुक्यातली शेतकऱ्याघरची पोर भारताच्या जर्सीत आशियात पहिली येते आणि सोलापूरच्या पेपरात तिचं नाव नाही. नातेपुते-अकलूजकडं आपला पेपर जातो ना? तिथल्या शाळेतल्या मुलींनी कुणाचं नाव वाचायचं मग?

नाव छापलं नाही तर काय एवढं, असं आपल्या ऑफिसात कुणी म्हणेल, म्हणून एक गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकात मी इथल्या एका शाळेत हॉकी खेळायचे, गोलकीपर होते. मुरमाचं ग्राउंड, पडलं की गुडघे सोलून निघायचे. पॅडची एकच जोडी, तीपण मुलांच्या टीमबरोबर वाटून घ्यायची, पट्टे तुटलेले म्हणून सुतळीने बांधायचो. आमचे पीटीचे सर सारखं एकच नाव सांगायचे, एलिझा नेल्सन. पुण्यात जन्मलेली, ८२ च्या दिल्ली एशियाडला भारताची कॅप्टन, गोल्ड मेडल. आम्ही तिला कधी बघितलं नव्हतं, मॅच बघितली नव्हती, पण नाव पाठ होतं आणि त्या नावावर आम्ही उन्हात पळायचो.

आमच्या टीमला सेंटर हाफला, म्हणजे मैदानाच्या मधोमध, शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी होती, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची, ही सकाळी आईला पानं कापून देऊन मग प्रॅक्टिसला यायची. तिच्यासारखा खेळ मी नंतर शाळा-कॉलेजात कुणाचा बघितला नाही, बॉल तिच्या स्टिकवरून निघायचाच नाही. आम्ही विभागीय स्पर्धा जिंकून आलो ती खरं तर तिच्या एकटीच्या जिवावर. शाळेत सत्कार झाला, फोटोग्राफर आला, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटोत खुर्चीवर बसलेले पाहुणे, कप पाहुण्यांच्या हातात, आणि मागे उभ्या असलेल्या आम्ही मुली गळ्यापासून वर कापलेल्या. खाली सगळ्या पाहुण्यांची पदांसकट नावं, आमच्यासाठी "विजयी संघासह". तिच्या वडिलांना मराठी वाचायला येत नव्हतं, त्यांनी कारखान्यातल्या माणसाकडून वाचून घेतलं आणि घरी येऊन तिला विचारलं, यात तुझं नाव कुठंय? ती काय सांगणार. दहावी झाल्यावर तिचं लग्न लावून दिलं. पेपरात नाव आलं असतं तर लग्न थांबलं असतं असं मी म्हणत नाही, तेव्हा सगळ्यांचीच लवकर व्हायची. पण घरात दाखवायला तिच्याकडं एक कागद असता. सर स्वतः त्यांच्या घरी गेले होते समजवायला आणि त्यांच्या हातात दाखवायला काही नव्हतं. तो पेपर आपला नव्हता, आता बंदही पडलाय, पण गुरुवारची बातमी वाचताना मला तेच आठवत होतं, इतक्या वर्षांनी अजून "संघासह"च चाललंय.

आता त्याच पानावर अर्धं पान आयपीएल ऑक्शनचं आहे. ऑक्शन रविवारी-सोमवारी जेद्दाला होणार, म्हणजे अजून झालेलंसुद्धा नाही, कोण कुठल्या टीमला जाईल याचे अंदाज फोटोसकट. क्रिकेटवर माझा राग नाही, आमच्या घरात सगळे बघतात, पर्थची टेस्टपण लावून बसलेत. पण महिलांची हॉकी इंडिया लीग जानेवारीत पहिल्यांदाच होतेय, तिचं ऑक्शन ऑक्टोबरला झालं, आपल्या टीममधल्या उदिताला ३२ लाखांची सगळ्यात मोठी बोली लागली, ते आपल्या पेपरात मला कुठं दिसलं नाही. टोकियो ऑलिंपिकला आपल्या मुली ऑस्ट्रेलियाला हरवून सेमीफायनलला गेल्या तेव्हा आपणच पहिल्या पानावर मोठा फोटो छापला होता आणि तो आम्ही कापून ठेवलाय. म्हणजे छापता येतं ना. मग जिंकल्यावर का नाही? तेव्हा तर ब्राँझ हुकून चौथ्या आलो होतो, आता तर पहिल्या आलोय.

माझी पुतणी आता सातवीत आहे, तिने यावर्षी हातात स्टिक घेतलीय. तिला बातमी दाखवावी म्हणून पेपर उघडला तर दाखवण्यासारखं काही नव्हतं, शेवटी मोबाईलवर दुसरीकडून शोधून तिला दीपिकाचा गोल दाखवला.

पत्र लिहितेच आहे तर अजून एक. आमच्या जुळे सोलापूर भागाचं पाण्याचं वेळापत्रक आपल्या पेपरात गेल्या आठवड्यात चुकीचं छापलं होतं. इथं पाणी रोज येत नाही हे आपल्याला सांगायला नको. पहाटेचं छापलं आणि आलं रात्री, गल्लीतल्या बायका पहाटे उठून बादल्या मांडून बसल्या. त्याची दुरुस्तीसुद्धा दुसऱ्या दिवशी आली नाही. लोक पेपर बघून अलार्म लावतात, तेवढं बघून छापत जा.

विनंती एवढीच की ७ डिसेंबरपासून मस्कतला मुलींचा ज्युनियर आशिया कप आहे, पुढच्या वर्षीच्या ज्युनियर वर्ल्ड कपच्या जागा त्यातूनच ठरणार आहेत. तेव्हा निवडणुकीचा निकालही लागून गेलेला असेल, जागेची अडचण नसणार. रोजचा स्कोअर, गोल मारणाऱ्या मुलींची नावं आणि कुठलं गाव, एवढं द्या. आणि गुरुवारची बातमी दुरुस्त करून दीपिका, सलिमा आणि वैष्णवीच्या नावासकट परत छापता आली तर बघा. मी कात्री घेऊन वाट बघतेय.

आपली,
एक जुनी वाचक
जुळे सोलापूर
२२ नोव्हेंबर २०२४